वाय-फायच्या खोक्यावरचे नाव : हाइन्रिख हर्ट्झ

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस घरी येतो, दाराच्या वरून आत घेतलेली फायबरची बारीक तार राउटरला जोडतो, हॉलमध्ये मोबाइलवर रेंज दाखवतो आणि निघून जातो. मागच्या खोलीत रेंज येत नाही, हे घरच्यांना संध्याकाळी कळते. मग काही दिवसांनी मेश वाय-फायचा संच येतो. त्यात एकसारखी दिसणारी दोन-तीन खोकी असतात. एक खोके कंपनीच्या राउटरला केबलने जोडायचे आणि उरलेली घरात ठेवायची. ती नेमकी कुठे ठेवायची, यावर घरात दोन मते पडतात.

या खोक्यांवर २.४ आणि ५ असे आकडे छापलेले असतात आणि त्यांच्यापुढे गिगाहर्ट्झ हा शब्द. गिगा म्हणजे शंभर कोटी. हर्ट्झ हे मात्र एका माणसाचे आडनाव आहे. खोकी कुठे ठेवावीत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर याच माणसाने १८८८ मध्ये, जर्मनीतील कार्ल्सरूह या शहरी, तंत्रशिक्षण संस्थेच्या एका व्याख्यान-दालनात शोधून ठेवले होते. निरोपाच्या वहनासाठी आपल्या शोधाचा उपयोग होईल, असे मात्र त्याला स्वतःला वाटले नव्हते.

हाइन्रिख रूडोल्फ हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्ग येथे झाला. वडील गुस्ताव हर्ट्झ हे वकील. पुढे ते न्यायाधीश झाले आणि हॅम्बुर्गच्या सिनेटचे सदस्यही. वडिलांचे घराणे मूळचे ज्यू. परंतु हाइन्रिखच्या जन्माच्या कितीतरी आधी, १८३४ मध्ये, या कुटुंबाने ल्यूथरपंथी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई ॲना एलिझाबेथ ही एका डॉक्टरची मुलगी. चार भाऊ आणि एक बहीण अशा पाच भावंडांत हाइन्रिख थोरला. घर सुस्थितीतले, पुस्तकांचे आणि शिस्तीचे. तरीही या मुलाचा जीव रमे तो हत्यारांत. घरी त्याच्यासाठी कामाचे टेबल आणि लाकूड-धातू कातण्याचे लेथ यंत्र होते. रविवारी तो आरेखन शिकण्यासाठी हस्तव्यवसाय शाळेत जाई आणि एका कारागिराकडून लेथकाम शिके. दुसरीकडे भाषांचीही गती अशी, की अरबी शिकवणाऱ्या गुरुजींनी या मुलाला पौर्वात्य भाषांचा पंडित करा, असा वडिलांकडे आग्रह धरला. पुढे हाइन्रिख प्राध्यापक झाल्याचे ऐकून लेथ शिकवणारा तो कारागीर हळहळला म्हणतात. एक उत्तम कातारी हातचा गेला, असे त्याला वाटले. ही हळहळ अगदीच अनाठायी नव्हती. ज्या प्रयोगांनी हर्ट्झ अजरामर झाले, त्यांतील बहुतेक साधने त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवली होती.

शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी अभियांत्रिकीची वाट धरली. फ्रँकफुर्टमध्ये बांधकाम कार्यालयात उमेदवारी, ड्रेस्डेनच्या तंत्रशाळेत काही महिने, मग बर्लिनच्या रेल्वे पलटणीत एक वर्षाची सक्तीची लष्करी सेवा, असे करत ते १८७७ मध्ये म्युनिकला पोहोचले. तेथे त्यांना उमगले, की आपल्याला पूल बांधायचे नाहीत, निसर्ग समजून घ्यायचा आहे. वडिलांना पत्र लिहून त्यांनी परवानगी मागितली आणि ती मिळालीही. १८७८ मध्ये ते बर्लिनला आले आणि हेरमान फोन हेल्महोल्ट्झ या त्या काळच्या जर्मन विज्ञानातील अधिपुरुषाच्या दृष्टीस पडले. विद्यापीठाने लावलेल्या एका स्पर्धेतील विजेच्या जडत्वाचा प्रश्न या नवख्या विद्यार्थ्याने सोडवून सुवर्णपदक मिळवले.

हेल्महोल्ट्झ यांनी लगेच त्यांच्यापुढे दुसरा, कितीतरी अवघड प्रश्न ठेवला. ब्रिटनमधील जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये गणिताने असे दाखवले होते, की विजेचा आणि चुंबकाचा परिणाम एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी तत्क्षणी पोहोचत नाही. तो मधल्या अवकाशातून लहरींच्या रूपाने, प्रकाशाच्या वेगाने जातो आणि प्रकाश हीसुद्धा अशीच एक लहर आहे. युरोपातील बहुतेक पंडितांना हे पटलेले नव्हते. प्रशियाच्या अकादमीने या सिद्धांताच्या एका भागाच्या प्रायोगिक पडताळणीसाठी १८७९ मध्ये पारितोषिक जाहीर केले होते. हर्ट्झ यांनी आकडेमोड केली. त्या वेळी हाताशी असलेल्या साधनांनी हा परिणाम जेमतेम जाणवण्याइतकाही मिळणार नाही, असे त्यांना दिसले आणि बावीस वर्षांच्या या तरुणाने गुरूने दाखवलेला विषय बाजूला ठेवला. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. १८८० मध्ये डॉक्टरेट, त्यानंतर हेल्महोल्ट्झ यांच्याकडे साहाय्यक, १८८३ मध्ये कील विद्यापीठात व्याख्याता अशी वाटचाल झाली. कीलला प्रयोगशाळा नव्हती. तेव्हा त्यांनी कागदावरच मॅक्सवेलची समीकरणे पुन्हा मांडून पाहिली. त्या अडचणीच्या दोन वर्षांतच त्यांना मॅक्सवेल खऱ्या अर्थाने समजले असावेत.

१८८५ मध्ये कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षण संस्थेत ते प्राध्यापक झाले. सुरुवातीला तेथे एकटेपणाने त्यांना ग्रासले. पुढल्या वर्षी, ३१ जुलै १८८६ रोजी, तेथीलच भूमितीचे अध्यापक माक्स डॉल यांच्या एलिझाबेथ या कन्येशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच शरद ऋतूत भाग्याचा दुसरा दरवाजा उघडला. संस्थेच्या साधनसंग्रहात तारेच्या चपट्या वेटोळ्यांची एक जोडी होती, विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी ठेवलेली. एका वेटोळ्यातून लहानसे विद्युत्‌भारित पात्र रिकामे करताना दुसऱ्या, कोठेही न जोडलेल्या वेटोळ्यात ठिणगी पडते, हे हर्ट्झ यांनी पाहिले. अशी ठिणगी इतरांनीही पाहिली असेल. ती इतक्या सहज का पडते, हा प्रश्न हर्ट्झ यांनी विचारला. त्यांना कळले, की ठिणगी पडताना वीज एकदाच धावत नाही, ती सेकंदात कोट्यवधी वेळा मागेपुढे हेलकावते. १८७९ मध्ये ज्या जलद आंदोलनांच्या अभावी प्रश्न सोडून द्यावा लागला होता, ती आंदोलने आता टेबलावर होती.

पुढील दोन वर्षे त्यांनी बराच वेळ अंधारात काढला. प्रेषक म्हणजे मधे फट असलेल्या दोन तारा, त्यांच्या टोकांना धातूचे गोळे किंवा पत्रे आणि फटीत ठिणग्या पाडणारी रूमकॉर्फ कॉइल. ग्राहक त्याहून साधा : तारेचे एक कडे, त्यातही एक बारीकशी फट. लहर कड्यापर्यंत पोहोचली, की त्या फटीत ठिणगी चमके. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात मोजावी लागणारी. ती दिसावी म्हणून पडदे ओढून, डोळे अंधाराला सरावू देऊन बसावे लागे. ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी ग्राहक पेटीत ठेवला, तेव्हा ती उलट आखूड झाली. या बारीकशा विसंगतीचाही त्यांनी पिच्छा पुरवला आणि प्रेषकाच्या ठिणगीतील अतिनील प्रकाशामुळे ग्राहकाची ठिणगी सुलभ होते, असे दाखवून दिले. प्रकाशविद्युत् परिणामाचे हे पहिले निरीक्षण. आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये ज्याचे स्पष्टीकरण दिले, तो परिणाम हर्ट्झ यांच्या हाती असा आडवाटेला लागला होता. त्याची नोंद प्रसिद्ध करून ते मुख्य रस्त्यावर परतले.

त्या दालनाचे वर्णन हर्ट्झ यांनी काटेकोरपणे करून ठेवले आहे आणि घरात मेश बसवणाऱ्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. दालन १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच. दोन्ही बाजूंना लोखंडी खांबांच्या रांगा. हे खांब विलग असूनही लहरींच्या दृष्टीने सलग भिंतीसारखे वागतात, हे हर्ट्झ यांच्या ध्यानात आले; तेव्हा खांबांपलीकडची जागा त्यांनी सोडून दिली आणि साडेआठ मीटर रुंदीचा मधला पट्टा तेवढा वापरला. छतावरून लोंबणारे गॅसचे नळ आणि झुंबरे त्यांनी उतरवून घेतली. (ज्या खोलीच्या सिमेंटच्या भिंतीत सळयांची जाळी आहे, तेथे वाय-फाय का अडखळते, याचे कारण या खांबांत आहे. आपल्याकडे विटांच्या आडभिंतीपेक्षा काँक्रीटचा खांब आणि तुळई अधिक त्रास देतात.)

दालनाच्या एका भिंतीवर त्यांनी चार मीटर उंच आणि दोन मीटर रुंद जस्ताचा पत्रा ठोकला. समोरून, १३ मीटरवरून, लहर सोडली. ती पत्र्यावर आपटून परत फिरली आणि येणारी व जाणारी लहर एकमेकींत मिसळल्या. मग हर्ट्झ हातात कडे घेऊन प्रेषक आणि भिंत यांमध्ये चालत गेले. काही ठिकाणी ठिणगी जोमाने पडे. थोडे पुढे सरकले, की साफ विझे. आणखी पुढे पुन्हा जिवंत होई. विझण्याच्या दोन जागांमधील अंतर म्हणजे लहरीच्या लांबीचा निम्मा भाग. पूर्ण लांबी सुमारे साडेनऊ मीटर निघाली. तत्क्षणी पोहोचणाऱ्या परिणामाला लांबी नसते आणि त्याला अशा रिकाम्या जागाही पडत नाहीत. मॅक्सवेल बरोबर होते. ते मात्र हे पाहायला नव्हते. १८७९ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

या विझलेल्या जागा आजही घरोघर आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा. टेबलावरचा लॅपटॉप वीतभर सरकवल्यावर रेंज सुधारते ती जादू नव्हे. कपाट, खिडकीची जाळी, फ्रिजचे दार यांवरून परतलेल्या लहरी जेथे परस्परांना खोडून काढतात, त्या जागेतून तो बाहेर आलेला असतो. हर्ट्झ यांच्या दालनात पत्रा एक होता. आपल्या घरात असे पत्रे पन्नास असतात.

यापुढचे प्रयोग १८८८ च्या अखेरीचे. आता त्यांनी लहर आखूड केली, ६६ सेंटिमीटर लांबीची. आजच्या भाषेत सुमारे ४५ कोटी हर्ट्झ वारंवारतेची. जस्ताचे दोन मीटर उंचीचे अंतर्वक्र आरसे करून त्यांनी ती झोतासारखी एका दिशेने सोडली. मग झोताच्या वाटेत एकेक वस्तू ठेवून पाहिली. पत्र्याने आणि वर्ख लावलेल्या कागदाने लहर अडली. साहाय्यक मधून चालत गेला, की ठिणगी मावळे आणि तो बाजूला होताच पुन्हा उमटे; माणसाचे शरीर या लहरींना अपारदर्शक ठरले. लाकडाने मात्र ती अडेना. ग्राहक शेजारच्या खोलीत ठेवून मधले लाकडी दार लावून घेतले, तरी बंद खोलीत ठिणग्या पडत राहिल्या आणि हे पाहून खुद्द हर्ट्झ यांनाही नवल वाटले. तारांची जाळी आडवी-उभी फिरवून त्यांनी ध्रुवण दाखवले. वक्रीभवन दाखवण्यासाठी कठीण डांबराचा दीड मीटर उंचीचा लोलक ओतवला. त्याचे वजन सुमारे ६०० किलो. काचेचा लोलक प्रकाशाला वळवतो, तसा या काळ्या धोंड्याने अदृश्य झोत वळवला. प्रकाश जे जे करतो, ते ते सर्व या लहरी करतात, हे सिद्ध झाले.

मेशची खोकी मांडण्याचे नियम या यादीतूनच निघतात. कंपनीचा राउटर बहुधा तार जेथून आत येते तेथे, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी पेटीत असतो, म्हणजे पत्र्याआड. त्याचा वाय-फाय बंद करून मेशचे पहिले खोके केबलने बाहेर, उघड्यावर घ्यावे. दोन्ही यंत्रांनी घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम करू नये; म्हणून एक तर कंपनीचा राउटर ब्रिज पद्धतीवर टाकावा किंवा मेशला ॲक्सेस पॉइंट करावे. दुसरे खोके रेंज नसलेल्या खोलीत ठेवण्याचा मोह बहुतेकांना होतो. पण जेथे लहर पोहोचतच नाही, तेथून ते पुढे काय पाठवणार? ते अर्ध्या वाटेवर, शक्य तर दाराच्या रेषेत ठेवावे. लाकडी दारातून लहर जाते. आरशाच्या कपाटातून, फ्रिजमधून किंवा माशांच्या टाकीतून नाही. आणि घर बांधतानाच भिंतीतून केबल नेली असेल, तर सर्व खोकी तिलाच जोडावीत, हे सर्वांत उत्तम.

हर्ट्झ यांची चूकही अशीच खोलीने घडवली होती. तारेतून जाणाऱ्या लहरीचा वेग हवेतल्या वेगापेक्षा बराच कमी आहे, असे त्यांच्या मोजमापांतून निघत होते. सिद्धांत म्हणत होता, दोन्ही सारखे हवेत. आपल्याला नको असलेला आकडाही त्यांनी जसाच्या तसा छापला. नंतर जिनिव्हा येथील सारासँ आणि द ला रीव्ह यांनी कितीतरी मोठ्या दालनात, मोठ्या पत्र्यापुढे हाच प्रयोग केला आणि १८९३ मध्ये दोन्ही वेग सारखे असल्याचे दाखवले. कार्ल्सरूहचे दालन त्या लांब लहरींना अपुरे होते आणि भिंतींनी मापनात ढवळाढवळ केली होती. हर्ट्झ यांनी हा निकाल मोकळेपणाने मान्य केला.

उपयोगाचा प्रश्न त्यांना प्रत्यक्ष विचारण्यात आला होता. हुबर नावाच्या एका अभियंत्याने १८८९ मध्ये पत्र लिहून पृच्छा केली, की या लहरींवरून टेलिफोनचे बोलणे पाठवता येईल काय? हर्ट्झ यांनी डिसेंबरात उत्तर धाडले. मानवी आवाजाची कंपने फार सावकाश असतात; तेवढ्या सावकाश विद्युत् लहरीची लांबी शेकडो किलोमीटर भरेल आणि तिला वळवायला खंडाएवढा आरसा लागेल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब अचूकच होता. जलद लहरीच्या पाठीवर सावकाश आवाज बसवता येतो, ही कल्पना तेवढी त्यांना सुचली नाही. याचा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना मॅक्सवेल खरे की खोटे हे ठरवायचे होते आणि ते ठरले होते.

कीर्ती वेगाने आली. १८८९ मध्ये बॉन विद्यापीठात रूडोल्फ क्लाउझिउस यांच्या रिक्त जागी त्यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी हायडेलबर्ग येथील वैज्ञानिकांच्या मेळाव्यात प्रकाश आणि वीज यांच्या नात्यावर त्यांचे व्याख्यान झाले. १८९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने रम्फर्ड पदक दिले. ऋण किरण धातूच्या पातळ वर्खातून पार जातात, हे त्यांनी १८९२ मध्ये दाखवले आणि फिलिप लेनार्ड या साहाय्यकाने ते काम पुढे नेले. मात्र त्याच वर्षी नाक आणि जबड्याचे दुखणे बळावले. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, उतार पडला नाही. वेदना सोसत ते यंत्रशास्त्राच्या तत्त्वांवरील ग्रंथ लिहीत राहिले. १ जानेवारी १८९४ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, बॉन येथे त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि योहाना व माथिल्डे या सहा व दोन वर्षांच्या मुली राहिल्या. देह हॅम्बुर्गच्या ओल्सडॉर्फ दफनभूमीत ठेवण्यात आला. ग्रंथ त्याच वर्षी निघाला. प्रस्तावना वृद्ध हेल्महोल्ट्झ यांची होती आणि सप्टेंबरात तेही गेले.

ज्या मृत्युलेखांनी हर्ट्झ यांना निरोप दिला, त्यांतूनच पुढचे पर्व सुरू झाले. इटलीत आउगुस्तो रीगी यांनी लिहिलेला लेख वाचून वीस वर्षांच्या मार्कोनीला बिनतारी संदेशाची कल्पना सुचली. लंडनमध्ये १ जून १८९४ रोजी ऑलिव्हर लॉज यांनी हर्ट्झ यांच्या कार्यावर सप्रयोग व्याख्यान दिले. त्याचा छापील वृत्तान्त कोलकात्याला जगदीशचंद्र बोस यांच्या हाती पडला. बोस यांनी लहर आखूड करत अवघ्या पाच मिलिमीटरपर्यंत आणली आणि १८९५ मध्ये भिंतीआडून घंटा वाजवून दाखवली. हर्ट्झ यांचे आरसे माणसाहून उंच होते; बोस यांची साधने टेबलावर मावत.

वारंवारतेच्या एककाला हर्ट्झ हे नाव देण्याचे आंतरराष्ट्रीय निर्णय १९३० च्या दशकातले. नेमक्या त्याच दशकात त्यांच्या मायदेशात हे नाव पुसण्याचे काम चालू होते. नाझी सत्तेच्या लेखी धर्मांतराला अर्थ नव्हता. हॅम्बुर्गच्या नगरसभागृहात सन्मानाने लावलेले हर्ट्झ यांचे चित्र काढण्यात आले. बर्लिनमध्ये १९२८ पासून त्यांच्या नावाने चालणाऱ्या संशोधन संस्थेच्या पाटीवरून १९३६ मध्ये ते नाव गेले. एकेकाळचे साहाय्यक लेनार्ड आता तथाकथित आर्य भौतिकीचे पुढारी होते. गुरूचे प्रयोग आईच्या रक्तातून आले आणि सैद्धांतिक लेखन वडिलांच्या ज्यू रक्तातून, अशी वाटणी करण्यापर्यंत त्यांची मजल गेली. धाकटी माथिल्डे ही प्राण्यांच्या वर्तनाची नामांकित अभ्यासक होती. १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठात शिकवण्याचा तिचा अधिकार काढून घेतला गेला. माक्स प्लांक यांनी रदबदली केली, त्याने थोडा अवधी मिळाला इतकेच. अखेर दोघी बहिणी आणि वृद्ध आई इंग्लंडमध्ये केंब्रिजला आल्या. एलिझाबेथ हर्ट्झ १९४१ मध्ये तेथेच वारल्या. पतीनिधनानंतर त्यांनी पुनर्विवाह केला नव्हता.

महायुद्धानंतर बर्लिनच्या संस्थेला तिचे नाव परत मिळाले आणि १९६० मध्ये मापनविषयक जागतिक परिषदेने हर्ट्झ हे एकक अधिकृतपणे स्वीकारले. हॅम्बुर्गमध्ये १९६८ साली उभ्या राहिलेल्या दूरसंचार मनोऱ्यालाही हेच नाव आहे. योहानाने १९२७ मध्ये वडिलांची पत्रे आणि रोजनिशी संपादित करून प्रसिद्ध केली होती. त्या ग्रंथाच्या वाढवलेल्या, जर्मन-इंग्रजी आवृत्तीच्या कामात माथिल्डेने उतारवयात भाग घेतला. ती आवृत्ती १९७७ मध्ये निघाली. माथिल्डे त्याआधी दोन वर्षे केंब्रिजमध्ये निधन पावली होती.